प्रयोगशाळेची चावी परत द्या : संचालक मंडळाला लॅबवाल्या मामाचं खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातले सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या शाळेत २९ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. मुलं मला लॅबवाले मामा म्हणायची, आता ती बाप झालीत तरी बाजारात भेटली की तीच हाक मारतात. शाळेचं, संस्थेचं, कुणाचंही नाव या पत्रात लिहीत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये. पण दोनदा ऑफिसात अर्ज दिला, दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर काही मिळालं नाही, म्हणून आता उघड लिहितोय. आणि हे आपल्या एकाच शाळेत चाललंय असंही नाही, त्यामुळे पालकांनी वाचावं, मास्तरांनी वाचावं, मुलांनी तर जरूर वाचावं.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीनंतर पेन्शनच्या कागदासाठी शाळेत गेलो तर लॅबच्या व्हरांड्यात भंगारवाल्याचा काटा लटकवलेला. लोखंडी स्टँड, पुलीचे सेट, ऑप्टिकल बेंच, स्प्रिंगचे काटे आणि हवा काढायचा पंप, सगळं किलोवर चाललं होतं. त्या पंपाचं पिस्टनचं कातडं मी दर जूनमध्ये एरंडेल लावून मऊ करायचो. भंगारवाला काच घेत नाही म्हणून मोठा बेल जार, म्हणजे घंटेच्या आकाराचं काचेचं झाकण, भिंतीच्या कडेला ठेवलेला, आत कुणीतरी खडूचे तुकडे टाकलेले. आत डोकावलो तर ओटे काढलेत, बेसिन काढलंय, नळाला बुच मारलंय. आता तिथे एसी आहे, मोठा स्क्रीन आहे, ८० खुर्च्या आहेत आणि आठवीपासून टेस्ट सिरीज सुरू आहे.

कारण विचारलं तर तुमच्यातल्याच एका सदस्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं की मामा, एन्ट्रन्सला प्रॅक्टिकल विचारत नाहीत आणि प्रयोग आता सगळे व्हिडिओवर दिसतात, मुलं बसल्या जागी बघतात. ते वाईट हेतूने बोलले नाहीत हे मला माहितीये. पण "बसल्या जागी बघतात" हे शब्द काही डोक्यातून जाईनात. कारण विज्ञान जन्मायच्या आधी युरोपात शिक्षण अगदी तसंच चालायचं, आणि ते तसं चालायचं थांबलं तेव्हाच विज्ञान उभं राहिलं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. आपल्या शाळेत विज्ञानाचे एक जुने सर होते, ते दर शनिवारी शेवटचे दोन तास जोडून घ्यायचे आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी जे प्रयोग केले तेच मुलांकडून करून घ्यायचे. मी सामान मांडायचो. ऐकून ऐकून, मग त्यांनी दिलेली पुस्तकं वाचून मलाही नाद लागला, तो अजून सुटला नाही.

तर युरोपातल्या मेडिकलच्या वर्गाचं ऐका. प्रोफेसर उंच खुर्चीत बसून गेलनचं पुस्तक वाचणार. खाली टेबलावर प्रेत, ते कापणार न्हावी, कारण तेव्हा तिकडे चिरफाड, दात उपटणं ही न्हाव्याची कामं. तिसरा माणूस छडीने दाखवणार की हे बघा हे काळीज. वाचणारा खाली बघत नाही, कापणाऱ्याला लॅटिन कळत नाही, पोरं लांबून ऐकतात. गेलन दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, फार मोठा माणूस, पण त्याने चिरफाड केली ती माकडांची न् डुकरांची. त्याने लिहून ठेवलं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, की झालं, पुढची तेराशे वर्षं पुस्तकात दोनच हाडं. समोर टेबलावर एका हाडाचा जबडा पडलेला आणि वर्गात दोन हाडं वाचली जातायत!

मग पडुआच्या विद्यापीठात आंद्रेआस व्हेसालियस नावाचा पोरगेला मास्तर आला. तो खुर्चीतून खाली उतरला, सुरी स्वतः हातात घेतली, आणि जे दिसलं ते चित्रांसकट छापलं. सन १५४३, गाव बासेल, वय २८. त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मोठं चित्र आहे, त्यात तो प्रेताला स्वतः हात लावून उभा आहे आणि भोवती ही गर्दी लोटलीय. सरांनी त्या चित्राची झेरॉक्स लॅबच्या दारामागे चिकटवली होती. आता दार पण बदललंय.

त्याच १५४३ साली कोपर्निकसचं पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारं पुस्तक न्यूरेंबर्गला छापून निघालं, ते सगळ्यांना माहीत असतं, त्यावर जास्त बोलत नाही. पण मला कायम वाटत आलंय की त्या वर्षातली मोठी गोष्ट व्हेसालियसचं खाली उतरणं ही आहे. पंडिताचं पुस्तक आणि कारागिराचा हात एका टेबलाशी आले, तिथून हे सगळं सुरू झालं. तुम्ही ते टेबल काढलंत आणि परत खुर्च्या मांडल्यात. ही माझी पहिली तक्रार, आणि बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातल्या आहेत.

दुसरी तक्रार शनिवारच्या तासाची. तो तास "अभ्यासक्रमाबाहेरचा" म्हणून बंद केला असं नोटिशीत लिहिलंय. त्या तासात काय व्हायचं ते संचालक मंडळातल्या कुणी बघितलंय का मला शंका आहे, म्हणून एक प्रयोग सांगतो.

गॅलिलिओला वस्तू पडते तेव्हा वेग कसा वाढत जातो ते मोजायचं होतं. सरळ पडणारी वस्तू मोजता येईना, फार पटकन पडते, आणि सेकंद अचूक मोजणारं भरवशाचं घड्याळ तेव्हा नव्हतं. मग त्याने पडणं हळू केलं. लांब लाकडी तुळई घेतली, तिच्यात बोटभर रुंदीची खोबण पाडली, ती घासून गुळगुळीत केली, आत चामड्याचा पातळ कागद चिकटवला, तुळई एका बाजूने जराशी उचलली आणि कांशाची गोळी सोडली. वेळ मोजायला काय केलं, तर पाण्याचं मोठं भांडं, त्याला बारीक नळी, गोळी सोडली की पाणी सोडायचं, गोळी पोचली की बंद करायचं, आणि जमलेलं पाणी तराजूत तोलायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त वेळ. शंभर शंभर वेळा करून बघितलं असं तो लिहितो, आणि दोन मोजण्यांमध्ये नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या भागाएवढाही फरक येत नव्हता म्हणतो. हे छापून आलं १६३८ मध्ये, हॉलंडातल्या लायडनला, कारण इटलीत त्याच्यावर खटला होऊन तो घरातच कैदेत होता. त्या पुस्तकाची सुरुवात कुठे होते माहितीये का? व्हेनिसच्या जहाजाच्या कारखान्यात. तिथल्या कामगारांकडून, मिस्त्रींकडून शिकण्यासारखं खूप आहे असं पुस्तकातली माणसं बोलायला लागतात. एवढा मोठा विद्वान, आणि पुस्तक उघडतं ते कारखान्याच्या दारात.

आपल्याकडे ही तुळई मी बनवली होती. सहा फुटी सागवानी फळी, गावातल्या सुतारमिस्त्रींनी रंध्याने खोबण पाडून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले पोरांना सांगा कुणी पाडली ते. आत बटर पेपर चिकटवला. ट्रकच्या बेअरिंगची गोळी. पाण्याला रंगाचा मोठा डबा, तळाशी बुच, बुचात काचेची नळी, नळीच्या तोंडावर बोट. एक पोरगं गोळी सोडणार, दुसरं बोट काढणार, गोळी टक्कन शेवटच्या ठोकळ्यावर आपटली की बोट परत. पहिले दोन-तीन वेळा सगळा गोंधळ, पाणी चपलांवर, हशा. मग हात बसायचा. पूर्ण फळीला ४२ ग्रॅम पाणी यायचं. मग सर विचारायचे, आता गोळी फळीच्या चौथ्या हिश्श्यावरच अडवली तर किती येईल? सगळा वर्ग ओरडायचा साडेदहा! अंतर चौथाई तर पाणी चौथाई, सरळ हिशोब. मग करून बघायचे. २०. परत केलं, २२. परत, २१. निम्मं! चौथाई अंतराला निम्मा वेळ लागतो, म्हणजे दुप्पट वेळात अंतर चौपट होतं. वर्ग एकदम गप्प व्हायचा. ती शांतता मी २९ वर्षांत किती वेळा ऐकली असेल, पण दर वेळी माझ्या अंगावर काटा आलाय. कुणी सांगितलेलं नाही, फळ्यावर लिहिलेलं नाही, स्वतःच्या हाताने आपलाच अंदाज चुकला हे त्यांनी बघितलं.

त्या फळीचं काय झालं ते मी शिपायांकडे विचारलं. स्टेजच्या कामात वापरली म्हणाले.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे आणि ती फक्त तुमच्यावर नाही, आमच्यासारख्यांवर पण आहे कारण आम्ही इतकी वर्षं बघत राहिलो. दहावीच्या मुलांना या वर्षी प्रॅक्टिकलचं जर्नल "तयार" मिळालंय. मागच्या वर्षीच्या चांगल्या जर्नलवरून रीडिंग उतरवून घ्यायची, उत्तर पुस्तकाशी जुळलं पाहिजे, सही झाली की संपलं. माझ्या शेजारची पोर गच्चीवर बसून ते उतरवत होती, मी विचारलं हे भिंगाचं नाभीय अंतर तू काढलंस का, तर म्हणाली, मामा लॅबच कुठेय.

केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. त्याच्या आधी टायको ब्राहे नावाचा डेन्मार्कचा सरदार होता, त्याने व्हेन नावाच्या बेटावर वेधशाळा बांधली, दुर्बीण तेव्हा नव्हती, नुसत्या डोळ्याने पण मोठमोठ्या पितळी यंत्रांनी वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा लिहून ठेवल्या. तो १६०१ मध्ये गेला, आकडे केप्लरच्या हाती आले. केप्लरने मंगळाची कक्षा वर्तुळावरून बसवायचा प्रयत्न केला, पानंच्या पानं गणितं, आणि शेवटी जवळजवळ जमलं. फरक राहिला फक्त ८ मिनिटांचा, म्हणजे कोनाची मिनिटं. पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या साधारण चौथाई. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता चालतंय, रीडिंग थोडं सरकवून घेऊ. केप्लर म्हणाला टायकोची मोजणी एवढी चुकणार नाही, म्हणजे माझंच वर्तुळ चुकलंय. दोन हजार वर्षं सगळे वर्तुळ धरून बसले होते, ते त्याने सोडलं. कक्षा लंबवर्तुळाकार निघाली, १६०९ मध्ये पुस्तक छापलं. त्या ८ मिनिटांनीच सगळं खगोलशास्त्र बदलायला लावलं असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

आता तुम्हीच सांगा, आपल्या शाळेत केप्लर असता तर ती ८ मिनिटं जर्नलमध्ये राहिली असती का? आपण त्याला सांगितलं असतं, बाळा खोड आणि पुस्तकातलं लिही. जे रीडिंग जुळत नाही तेच बोलत असतं, आणि आपण मुलांना त्याचंच तोंड बंद करायला शिकवतोय.

आणि एक गोष्ट फ्रान्समधल्या पेरियरची. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाला बघायचं होतं की हवेला वजन असेल तर उंच डोंगरावर नळीतला पाऱ्याचा स्तंभ खाली यायला हवा. तो स्वतः आजारी, म्हणून त्याने आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरियरला, पत्र लिहून सांगितलं. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरियर मंडळी घेऊन प्वी द डोम नावाच्या डोंगरावर काचेच्या नळ्या न् पारा घेऊन चढला. वर गेल्यावर पारा साधारण ८ सेंटीमीटर खाली आला, त्यांना खरं वाटेना, म्हणून देवळाच्या आत, बाहेर, वाऱ्यात, आडोशाला असं परत परत केलं. पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे. निघताना त्याने एक नळी खाली गावातल्या मठाच्या बागेत भरून ठेवली आणि एका पाद्रीबाबांना बसवलं की दिवसभर बघत बसा हिच्यात काही बदल होतो का. बाबा दिवसभर बसले. काही बदल झाला नाही. आणि त्या "काही झालं नाही"मुळेच वर जे झालं त्याला किंमत आली! हे मुलांना व्हिडिओत दिसत नाही, कारण व्हिडिओवाला डोंगर दाखवतो, बागेत बसलेला माणूस कशाला दाखवेल.

चौथी तक्रार नव्या हॉलच्या भिंतीवर जे चित्र लावलंय आणि स्क्रीनवर जो धडा दाखवतात त्याची. मुद्दाम मागे बसून बघितला मी. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद, पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओ दोन गोळे टाकतोय, खाली लोक टाळ्या वाजवतायत, की लगेच पुढची स्लाइड. पिसाचा तो किस्सा त्याच्या शिष्याने, विव्हियानीने, नंतर लिहिलेल्या चरित्रातून आलाय, गॅलिलिओने आपल्या छापलेल्या पुस्तकांत तो सांगितलेला नाही. ज्या फळीवर त्याने खरंच घाम गाळला ती या धड्यात नाही. मुलांना काय वाटणार, की हुशार माणसाच्या डोक्यात एक दिवस काहीतरी पडतं आणि शोध लागतो. मग ज्याच्या डोक्यात काही पडत नाही असं त्याला वाटतं ते पोरगं म्हणतं हे आपलं काम नाही. मागच्या बाकावरच्या किती पोरांचे हात सोन्याचे होते ते मला माहितीये, मी त्यांना बॅरोमीटर भरताना बघितलंय.

पाचवी माझ्या जागेची, म्हणजे माझ्या पदाची. मी रिटायर झाल्यावर परिचराची जागा भरली नाही, आता लॅबच नाही म्हणून भरणारही नाहीत. "तसंही बाटल्या धुवायलाच होते" असं कुणीतरी बोललं ते माझ्या कानावर आलं. राग नाही, पण उत्तर द्यायला हवं. रॉबर्ट बॉइल आयर्लंडातल्या बड्या सरदाराचा मुलगा, त्याच्या नावाचा हवेच्या दाबाचा नियम मुलं अजून पाठ करतात. त्याचा हवेचा पंप चालता केला तो त्याच्याकडे पगारावर असलेल्या रॉबर्ट हूकने. तो हूक नंतर काय निघाला ते सगळ्यांना माहितीये, बुचाच्या कापात त्याने बघितलेल्या खणांना त्याने "सेल" (पेशी) हे नाव दिलं १६६५ मध्ये, तोच शब्द आपण अजून वापरतो. नंतर बॉइलकडे देनी पापँ नावाचा फ्रेंच मदतनीस आला, वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ शिजवणारं भांडं त्याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, दाखवलं. जास्त वाफ बाहेर सोडायची झडपही त्यानेच लावली. आपल्या घराघरातल्या कुकरचं ते मूळ. आणि यांच्याखेरीज कितीतरी जण असतील ज्यांनी भट्टी पेटवली, काच फुंकली, रात्रभर जागून आकडे घेतले, ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. मला स्वतःसाठी काही नको, माझं झालं. पण ती जागा बाटल्या धुवायची नाही. बाटली नीट धुतली नाही तर प्रयोग खोटा बोलतो.

सहावी, थोडक्यात. लॅब सगळ्यांची होती, हॉल फी भरणाऱ्यांचा आहे. बाकीची मुलं त्या तासाला वर्गात "सेल्फ स्टडी" करतात. लेव्हेनहूक हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा कापड दुकानदार होता, लॅटिन येत नव्हतं, विद्यापीठाचं तोंड बघितलं नव्हतं, स्वतः भिंगं घासून पाण्याच्या थेंबातले जीव त्याने बघितले आणि १६७६ मध्ये आपल्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले. तिथल्या लोकांनी ना हाकलून दिलं, ना आंधळेपणाने मान्य केलं. करून बघायला घेतलं, आधी जमेना, मग १६७७ मध्ये हूकला तेच दिसलं तेव्हा मानलं. त्या सोसायटीचं बोधवाक्यच आहे "नलियस इन वर्बा", कुणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबायचं नाही. सगळ्यांना दार उघडं होतं असंही नाही, बर्लिनच्या मारिया विंकेलमनने १७०२ मध्ये धूमकेतू शोधला तरी नवरा गेल्यावर तिथल्या विज्ञान अकादमीने तिला वेधशाळेचं काम दिलं नाही. ती चूक त्यांची. आपण निदान आपल्या पोरींना, फी न परवडणाऱ्यांना दार लावू नये.

बैठकीत असंही निघालं म्हणे की हा युरोपचा इतिहास आपल्या मुलांना कशाला, आपल्याकडे सगळं आधीच होतं. आपला अभिमान मलाही आहे. ज्या आकड्यांनी केप्लरने गणितं केली ते आकडे इथूनच अरबांमार्फत तिकडे गेले, केरळातल्या माधवाने अनंत मालिका तिकडच्यांच्या कितीतरी आधी मांडल्या, भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत तर यंत्रांवर वेगळा अध्याय आहे. पण मग यंत्रं भंगारात कशी काय घातली आपण? आणि त्या काळाचा धागा आपल्या अंगणातूनही गेलाय. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं, त्याने इथल्या झाडपाल्यावर, आंब्या-फणसावर, धोतऱ्यावर, पटकीच्या रोगावर पुस्तक लिहिलं आणि ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. पुस्तक म्हणजे दोघांची बोलाचाली, एक जण ग्रीक-लॅटिन ग्रंथात काय म्हटलंय ते सांगतो आणि ओर्ता म्हणतो अहो पण मी इथे बघितलंय ते असं आहे. इथल्या वैद्य-हकिमांकडून काय शिकला तेही त्यात येतं. चार वर्षांत त्याचा लॅटिन सारांश युरोपभर गेला. तो मेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, पण ती गोष्ट वेगळी आणि फार दुःखाची. सांगायचं एवढंच की ते विज्ञान कुणा एकाच्या बापाचं नव्हतं, जो बघायला तयार होता त्याचं होतं.

खर्चाचं म्हणाल तर फ्रान्सेस्को रेदीने १६६८ मध्ये मांसातून अळ्या आपोआप जन्मतात ही समजूत कशाने मोडली? बरण्यांनी. काही उघड्या, काहींच्या तोंडावर पातळ कापड. उघड्यांत माशा बसल्या, अळ्या झाल्या, झाकलेल्यांत नाही झाल्या. आम्ही हेच पिकलेल्या केळ्यांवर करायचो, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मुलं घरून आणायची. खर्च शून्य.

तर आता मागण्या. सरळ लिहितो.

१. लॅबची खोली परत द्या. ते अगदीच शक्य नसेल तर दुसरी खोली द्या, पण तिच्यात ओटे, नळ, बेसिन पाहिजे. नुसतं कपाट म्हणजे लॅब नाही.

२. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, काढा, त्यात काय होतं, काय विकलं, किती रुपयांना, ते नोटीस बोर्डावर लावा. भंगारवाले ओळखीचे आहेत, पंप अजून त्यांच्या आवारात आहे, मी बघून आलोय. तो आधी परत आणा, नाहीतर वितळेल.

३. शनिवारचे जोडून दोन तास परत सुरू करा, फीशिवाय, सगळ्या मुलामुलींना.

४. तयार जर्नल बंद. मुलाने स्वतः घेतलेलं रीडिंग चुकीचं आलं तरी तेच लिहायचं, आणि का चुकलं असेल ते खाली लिहील त्याला मार्क द्यायचे. यासाठी एक पैसा लागत नाही.

५. परिचराची जागा भरा. ती भरेपर्यंत मी येतो, रोज, बिनपगारी. नव्या माणसाला शिकवून देतो आणि मग बाजूला होतो.

६. या पत्राचं उत्तर लेखी द्या, दहावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी.

टेस्ट सिरीज बंद करा असं मी म्हणत नाहीये. मुलांना पुढे जायचंय, स्पर्धा आहे, सगळं कळतं, माझाही नातू क्लासला जातो. हॉलसाठी वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे पाणी लागत नाही, तिथे करा.

आणि तो बेल जार माझ्याकडे आहे. मोठ्या क्लार्ककडून चिठ्ठी लिहून, सही घेऊन घरी आणलाय, चोरलेला नाही. त्या जारमध्ये आम्ही विजेची घंटा वाजवायचो आणि पंपाने हवा काढायचो, घंटेचा टोला हलताना दिसायचा आणि आवाज हळूहळू विझत जायचा. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, मामा हवा तर काढली मग अजून बारीक आवाज कसा येतोय? कुणाला सुचेना. तिनेच दुसऱ्या शनिवारी सांगितलं की घंटा ज्या दांडीला लावलीय त्या दांडीतून येत असेल, दोऱ्याने टांगून बघू. टांगली, आवाज जवळजवळ गेला. नंतर सरांनी पुस्तक काढून दाखवलं, बॉइलने १६६० च्या पुस्तकात खिशातलं घड्याळ असंच दोऱ्याने टांगलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. तिचा चेहरा मला आत्ता हे लिहिताना दिसतोय.

जार धुवून पुसून ठेवलाय, कड कुठेही उडालेली नाही, व्हॅसलिनची नवी डबी आणलीय. घंटेला एक सेल लागेल. चावी कधी देताय तेवढं कळवा, सायकलवरून आणता येणार नाही, रिक्षा करून आणतो.

आपला,
शाळेचा निवृत्त प्रयोगशाळा परिचर
(लॅबवाले मामा)